खाचरात राहिलेले तंबू

कार्यक्रम संपला की मागचा कचरा कुणी आवरायचा, हा प्रश्न आपल्याकडे शेवटी जागेच्या मालकावर येऊन पडतो. मुळशीतल्या घोटावड्याच्या अमोलने तो रोटाव्हेटर लावून सोडवला.

गेल्या हिवाळ्यात भात निघाल्यावर त्याने आपली खाचरं एका संगीत महोत्सवाच्या मुक्कामासाठी भाड्याने दिली. तंबूही त्यानेच आणले, स्वस्तातले आणि पातळ कापडाचे. तेवढा महोत्सव निघाला तरी पुष्कळ, असा त्याचा विचार होता. वाऱ्याने काठ्या मोडल्या, चेन उसवल्या. पाहुणे हिंजवडीकडे परतले आणि फाटके तंबू खाचरात लोळत राहिले. अमोलने मोठे तुकडे पेटवले, उरलेल्यावर ट्रॅक्टरला जोडलेला रोटाव्हेटर फिरवून ते मातीत मिसळले. रान साफ दिसू लागलं.

मग दरवर्षीप्रमाणे त्याने सिद्धू धनगराची मेंढरं खाचरात बसवली. कळपाचं लेंडीखत जमिनीला मिळायचं, बदल्यात सिद्धूच्या घरी भात जायचा. कित्येक वर्षांचा रिवाज.

आठवड्याच्या आत सिद्धू धावत आला.

"अमोलशेठ, चला लवकर! मेंढरं फुगल्यात. चाऱ्याला तोंड लावंनात!"

डॉक्टर आले. त्यांनी आंब्याच्या सावलीत एका गाभण मेंढीचं पोट उघडलं. सिद्धूची बायको सुंदरा तिची मान मांडीवर घेऊन बसली होती. आतून जाळीची भेंडोळी निघाली, निळ्या कापडाच्या चिंध्या निघाल्या, मग केशरी दोरी. डॉक्टर ओढत होते आणि दोरी येतच होती. अमोलने ती ओळखली. तंबूंच्या खुंट्यांना त्यानेच बांधली होती.

मेंढीने मान टाकली. आणखी दहा-बारा मेंढरं पलीकडे आडवी पडली होती.

"ह्यातली किती वाचतील, डॉक्टर?" सिद्धूने विचारलं.

"सांगता येत नाही. जमेल तेवढं करतो."

"सिद्धूदादा, मी भरपाई देतो," अमोल कसाबसा म्हणाला.

"भरपाईला दावं लावून चारू व्हय?" सुंदरा कडाडली.

सिद्धू मात्र हळूच बोलला, "चुकलं आमचंच. वळखीचं रान म्हणून बघितलंच न्हाई."

दोन दिवसांनी उरलेली मेंढरं घेऊन ती दोघं निघून गेली. अमोल ओसरीवर डोकं धरून बसला.

"आये, हा धंदाच बंद करतो."

त्याची आई रंभाबाई शेंगा फोडत होती. "बंद करून काय हुतंय? लोकं गाणी ऐकायला येनारच. उद्या शेजारचा रान दील, आनि असलेच तंबू आनंल."

"मग काय करू? चांगले लई महाग हायेत."

"तुज्या लग्नातली ताडपत्री अजून खळ्यावर घालतो आपन. ती का टिकली? जाड हाय, आनि आपन ती धुतो, वाळवतो, फाटली तर शिवतो. ह्ये तंबू तू फेकलंस. गेलं का कुटं? हितंच ऱ्हायलं. स्वस्त म्हनतोस, पन त्याची किंमत त्या मेंढीनं भरली, बाबा!"

अमोलला ती न संपणारी दोरी दिसली. जे कापड एक महोत्सव टिकलं नाही, ते मातीत मात्र जन्मभर टिकणार होतं!

पुढच्या मुक्कामासाठी तंबू घेताना त्याने शिवणींवर बादलीभर पाणी ओतून पाहिलं. काठ्या वाकवल्या, चेन ओढल्या, कापड उलटसुलट करून पाहिलं. दुकानदाराला त्याने एकच विचारलं, "काठी मोडली तर नुसती काठी मिळंल का?" मिळेल म्हटल्यावरच तंबू घेतले. थोडेच आले, म्हणून पाहुणेही थोडेच घेतले. प्रत्येक मुक्कामानंतर तंबू उन्हात वाळून माळ्यावर जाऊ लागले. आणि घरची सगळी माणसं रोज खाचरात वाकून चिंध्या वेचू लागली.

यंदा भात निघाल्यावर अमोल स्वतः सिद्धूच्या पालावर गेला. सुंदरा पालाच्या कापडाला ठिगळ लावत होती. बऱ्याच मिनतवारीने ती दोघं आली, पण कळप बांधावरच थांबला. सुंदरा एकटी खाचरात उतरली. ढेकळं फोडत, माती चाळत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत बोटभर केशरी दोरी होती. ती तिने अमोलच्या हातावर ठेवली.

"म्होरल्या साली बघू," ती म्हणाली आणि तिने कळप वळवला.

अमोलने तिला थांबवलं नाही. तो खाचरात उतरला आणि गुडघे टेकून माती चाळू लागला.

आपणही कधी महोत्सवाला स्वतःचा तंबू घेऊन निघतो, आणि तो निवडतोही आपणच. तेव्हा स्वतःला एवढं विचारावं, हा तंबू आपल्याबरोबर घरी परत येणार आहे का? नसेल, तर तो कुणाच्या तरी रानात राहणार आहे.