डोळ्याएवढं पोट

धाकट्याला वेड लागलंय, अशी ताईची खात्रीच पटली होती. बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या उन्हापासून लांब, दणकट लाकडी टेबलावर काचेची टाकी होती. टाकीत खारं पाणी होतं, तळाला पांढरी वाळू होती, मध्ये भोकाभोकांचे खडक रचलेले होते. मासा मात्र औषधालासुद्धा नव्हता. आणि हा गृहस्थ रोज सकाळी झाकण उचलून त्या पाण्यात माशांच्या खाण्याची चिमूट सोडत होता.

"कोण जेवतंय रे आत?" ताईने एकदा न राहवून विचारलं.

"जंतू. चांगले जंतू," धाकटा म्हणाला. "माशांची घाण तेच निस्तरतात. आधी त्यांचा संसार मांडून द्यायचा, मग मासे आणायचे."

"दिसतात का ते?"

"छे, दिसतील कसे?"

"बरोबर आहे. न दिसणाऱ्यांना जेवू घालायचं आणि समोर दिसणाऱ्या बहिणीला चहासुद्धा विचारायचा नाही," असं म्हणत ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिने दोघांचा चहा टाकला. दोघांचा म्हणजे पाच जणांना पुरेल एवढा. एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली होती. तिथली पातेली अशी की घासायला माणूस आत उतरायचा. धाकट्याची बायको गेली, ताईही निवृत्त झाली, तेव्हा "बघू तर जमतंय का" म्हणत ती त्याच्याकडे राहायला आली. पण हाताला लागलेलं माप काही सुटेना. धाकट्याच्या घरातला फ्रीज कधी नव्हे तो डब्यांनी गच्च भरला.

धाकटा जन्मभर चष्म्याच्या दुकानात काचा घासत आला होता. बोलणं कमी, चिकाटी दांडगी. ही टाकी मात्र त्याची आजची हौस नव्हती, आणि हे ताईइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

त्यांची आई एका हॉटेलात फरशा पुसायची. वडील नव्हते. शाळा सुटली की ही दोघं हॉटेलच्या बाजूच्या खिडकीशी येऊन तिची वाट बघत उभी राहायची. खिडकीतून आतली भलीमोठी टाकी दिसायची. निळ्या उजेडात नारिंगी मासे, पिवळे मासे, आणि एक जांभळा, जो सगळ्यांशी भांडायचा. धाकट्याचं नाक काचेला चिकटलेलं असायचं. ताई त्याचं दप्तर सांभाळायची आणि आतल्या दरवानाने हाकललंच तर पळायच्या तयारीत असायची. पण दरवान भला होता, त्याने कधी हाकललं नाही. रोज संध्याकाळी टाय लावलेला एक माणूस यायचा, टाकीत चिमूटभर काहीतरी टाकायचा आणि निघून जायचा. 

"एवढंच?" धाकटा चिडायचा. "एवढ्या मोठ्या हॉटेलात राहतात आणि एवढंच खायला? मी मोठा झालो ना ताई, की मासे पाळीन आणि त्यांना पोटभर घालीन."

घरी जाऊन तिघं जेवायला बसत. म्हणजे दोघं बसत. आई वाढायची आणि म्हणायची, "तुम्ही घ्या. माझं झालंय." हॉटेलात जेवले, म्हणायची. तिचं झालेलं नसायचं. एवढ्याशा पोरांनाही ते कळायचं. मग ताई आपल्या ताटातला घास हळूच पातेल्यात परत टाकायची, धाकटा आपला टाकायचा, आई तो पुन्हा ह्यांच्याच ताटात वाढायची. एकेक घास घरभर फिरून यायचा आणि सगळे म्हणायचे, माझं झालंय. त्या घरात "झालंय" ह्या शब्दावर कुणी कधी विश्वास ठेवला नाही. ठेवला असता तर कुणीतरी उपाशीच झोपलं असतं.

ते दिवस वाईट होते असं लोक म्हणतील. ताईला कधी तसं वाटलं नाही. आजही डोळे मिटले की तिला ती खिडकी दिसायची, आणि ओल्या हातांनी मागून येऊन दोघांच्या डोक्यावर एकदम हात ठेवणारी आई. असा जीव तुटायचा ताईचा की वाटायचं, उठावं आणि त्या खिडकीशी जाऊन उभं राहावं.

शेवटी जंतूंचा संसार बसला. माशांच्या दुकानातल्या बाईने पाणी तपासून हिरवा कंदील दाखवला. ही दुकानवाली तरणीताठी, मनगटापर्यंत सदा ओली, आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची चोरी. तिला कुणी मासेवाली म्हटलेलं खपायचं नाही, कारण तिचे मासे तळायचे नसत.

"आधी दोनच," तिने बजावलं. "हौसेने डझनभर नेतात आणि आठवड्यात रडत येतात. ही जोडी न्या, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची. मोठी आहे ती मादी, धाकटा नर. घरात राज्य तिचंच. दिवसातून एकदा खायला. गोठवलेली कोळंबी असते, बारीक, ती पाण्यात सुटी करून घालायची. आणि काका, माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, हे लक्षात ठेवा."

"डोळ्याएवढं?" ताईचा विश्वास बसेना.

"डोळ्याएवढं. तो मागेल तेवढं नाही."

पिशवी टाकीत तरंगत ठेवून, टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत सोडत धाकट्याने मासे आत घेतले. नव्या सुनेचा गृहप्रवेशही कुणी इतक्या जपून करत नसेल. जोडी आधी खडकामागे दडली, मग बाहेर आली. धाकटा खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसला. त्याच्या टकलाकडे पाहत ताई मागे उभी होती. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

मासे महाबिलंदर निघाले. कुणी टाकीजवळ गेलं की दोघं काचेशी येऊन तोंडं उघडमीट करत नाचायचे. जन्माचे उपाशी!

"अरे, ह्यांना घातलंस का काही?" ताई विचारायची.

"घातलंय," धाकटा म्हणायचा.

ताई मान हलवायची आणि मनात म्हणायची, घातलंय म्हणे. तो खोलीबाहेर गेला की ती कोळंबीचा एक तुकडा कपात सुटा करून हळूच टाकीत ओतायची. तिच्या मापाने तो चिमूटभरच होता.

दुपारी धाकटा विचारायचा, "ताई, तू नाही ना घातलंस?"

"मी कशाला घालू? तू घातलंयस ना?"

ताईचा चेहरा पाहून धाकट्याला वाटायचं, ही माझ्याच आईची लेक, हिच्या मनात काहीतरी आहे, म्हणजे मासे उपाशीच असणार. माशांकडे पाहावं तर तेही तेच सांगायचे. मग ताई पडली की तोही एक चिमूट सोडायचा. 

पाणी आधी किंचित धुरकट झालं. मग काचेवर तपकिरी साय धरली. एका सकाळी नर वाळूवर आडवा पडलेला दिसला. मादी वरच्या बाजूला, पंपाच्या धारेशी, भराभर कल्ले हलवत धापा टाकत होती.

धाकट्याने जाळीने मेलेला मासा काढला, ओल्या कागदात गुंडाळला आणि कितीतरी वेळ हातात धरून उभा राहिला. बायको गेली तेव्हाही तो असाच उभा होता.

"हीपण जाईल," तो म्हणाला. "ही गेली की टाकी विकून टाकीन. मला नाही जमत ताई. कुणाला जगवणं मला जमत नाही."

टाकी गेली की हा माणूसही त्या रिकाम्या टेबलासारखा बसून राहणार, हे ताईला स्वच्छ दिसलं. आणि मग तिने इथे राहून करायचं काय? फ्रीज भरायचा?

तिने बाटलीत पाणी घेतलं, भावाला हाताला धरून दुकानात नेलं. दुकानवालीने पाण्यात तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी गडद हिरवं झालं आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"अमोनिया! खाणं कुजलंय आत. काका, हे पाणी आहे की विष? कितीदा घालता खायला?"

"एकदा," धाकटा आणि ताई एकदमच म्हणाले.

"एकदा कोण?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं! 

"मी सकाळी," धाकटा म्हणाला. "आणि... दुपारी जरासं."

"मी सकाळीच. हा घालून गेल्यावर," ताई म्हणाली. "आणि संध्याकाळी. ते इतकं मागतात हो!"

"पण मी तुला सांगत होतो ना ताई, घातलंय म्हणून!"

"सांगत होतास. आपल्याकडे कोण सांगत नव्हतं?"

धाकट्याला हसू फुटलं. ताईलाही फुटलं. दोघं म्हातारी भावंडं माशांच्या दुकानात मिठाच्या पिशव्यांच्या ढिगाला टेकून हसत होती आणि हसता हसता धाकटा रडायला लागला. दुकानवाली बिचारी कधी ह्याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिली. तिने मिठाची पिशवी पुढे सरकवली आणि नेहमीपेक्षा पुष्कळ हळू आवाजात म्हणाली, "पाणी बदला. रोज थोडं थोडं. आणि मी सांगेपर्यंत खायला काही नाही. कणभरसुद्धा नाही. उपाशी मरत नाहीत ते, खाऊन मरतात."

ते दिवस ताईला फार जड गेले. धाकटा बादलीत मीठ विरघळवायचा, खारेपणा मोजायचा, नळीने जुनं पाणी काढून नवं सोडायचा. ताई बादल्या उचलायची. रुग्णालयातली पातेली उचललेले हात होते ते, त्यांना काय त्याचं. मादीची धाप हळूहळू कमी झाली. मग ती खाली उतरली. मग एका दुपारी, धाकटा मीठ आणायला बाहेर गेला असताना, ती काचेशी आली आणि ताईला बघून तोंड उघडमीट करायला लागली.

ताई पुढे गेली. मागे आली. पुन्हा गेली. फ्रीजमध्ये कोळंबी होती, घरात कुणी नव्हतं. तिने खुर्ची ओढली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून माशासमोर बसली.

"बये," ती म्हणाली, "पोट भरलेलं असताना भूक लागली म्हणणारं कुणी मी जन्मात पाहिलं नव्हतं गं. आमच्याकडे सगळं उलटं होतं."

मादी मागतच राहिली. ताईला आईची आठवण इतकी दाटून आली की तिने तोंडाला पदर लावला. ती माउली एकदाही अशी काचेशी आली नाही. एकदा आली असती, एकदा म्हणाली असती, तर हिने आपलं सगळं ताट तिच्यापुढे सरकवलं असतं. पण तेच तर नको होतं ना तिला.

धाकटा परत आला. चपला काढता काढता त्याने टाकीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"घातलंस?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि मिठाची पिशवी घेऊन मोरीकडे गेला. मागे वळून पाहिलं नाही त्याने.

नंतर दुकानवालीने पाणी तपासलं तेव्हा ते पिवळंच राहिलं, म्हणजे विष उतरलं. त्या दिवशी धाकट्याने कोळंबीचा नखाएवढा तुकडा ताईच्या हातावर ठेवला. तिने तो सुटा करून सोडला. मादीने एक कणही खाली पडू दिला नाही, आणि संपताक्षणी पुन्हा काचेशी येऊन नाचायला लागली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं आणि झाकण बंद केलं.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. बादल्या उपसण्याच्या गडबडीत ताईने बऱ्याच दिवसांत पातेलंभर काही रांधलं नव्हतं. फ्रीज रिकामा झाला होता. भात होता, थोडी डाळ होती आणि शेवटचं एक उकडलेलं अंडं. धाकट्याने ते ताईच्या ताटाकडे सरकवलं.

"घे. माझं झालंय."

ताईच्या जिभेवर तेच शब्द आले होते. साठ वर्षं तेच येत होते. तिने ते गिळले.

"छोट्या," ती म्हणाली, "मला भूक लागलीय. खूप लागलीय. आणि तुलाही लागलीय."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. त्यांच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारल्याचं त्याला आठवत नव्हतं. 

"हो," तो म्हणाला. "लागलीय."

मग त्याने सुरी घेतली, अंडं मधोमध कापलं आणि दोन्ही भाग शेजारी ठेवून, काचा घासणाऱ्या नजरेने, ते सारखे आहेत की नाहीत ते पाहिलं.