डुक्कर फियाटचे नवे ब्रेक

कडूबाच्या गाडीला अंबडपासून जालन्यापर्यंत सगळे डुक्करच म्हणायचे. त्यात अपमान नव्हता. बासष्ट सालची फियाट, नाक फुगलेलं, पाठ गोल. त्या गाडीचं नावच ते पडलेलं. कडूबा अंकुशनगरला साखर कारखान्यावर जीप चालवायचा, तेव्हा एका बदली झालेल्या साहेबाकडून त्यानं ती घेतली होती. तेव्हापासून तिनं बियाणं वाहिलं, पाहुणे वाहिले, अडलेल्या बाया दवाखान्यात नेल्या. खोड एकच. चालायची कडूबाच्या मनानं आणि थांबायची तिच्या मनानं.

जुनी गाडी म्हणजे चारी चाकांत ड्रमचे ब्रेक. चाकाच्या आत लोखंडी डबा, डब्यात त्याला आतून घासून चाक थांबवणारे लायनर. कोरड्या रस्त्यावर ठीक असतं. पण ओढ्यातून गाडी काढली की डब्यात पाणी शिरतं, लायनर भिजतात आणि मग पेडलवर पाय ठेवा नाहीतर उभे राहा, सारखंच. कडूबाला याची सवय झाली होती. पुढं म्हैस दिसली की तो लांबूनच ब्रेक लावायला घ्यायचा.

मागच्या पावसाळ्यात मात्र फजिती झाली. अंगारकीला राजूरच्या गणपतीला निघाले होते. पुढं कडूबाशेजारी त्याचे भोकरदनचे व्याही रामराव, मांडीवर नारळ घेऊन. मागं कडूबाची बायको गिरिजाबाई आणि लेक प्रभावती. ओढा ओलांडला, उतार लागला आणि ब्रेक लागेना. गाडी गेली ती सरळ रस्त्याकडेच्या कडब्याच्या गंजीत. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नारळ तेवढा खिडकीतून उडून गेला. रामराव खाली उतरले, धोतरावरचा कडबा झटकला आणि म्हणाले, गाडी चांगली हाय पाव्हणे, फक्त थांबत न्हाई. गिरिजाबाई हसू दाबायला पदर तोंडात धरून बसली होती. रामरावांनी ते पाहिलं होतं.

पौषात गिरिजाबाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तिच्यामागं कडूबाला घरात काय कुठं असतं ते शोधावं लागायचं. मीठ सापडलं तर हळद सापडायची नाही. मग त्याची विधवा बहीण झुंबरबाई राहायला आली आणि चूल सुरळीत झाली. पुढं उन्हाळ्यात भोकरदनहून निरोप आला की प्रभावतीला दिवस गेलेत. गिरिजाबाईला हे कळलंच नाही, हे कडूबाला फार लागलं. त्याच दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, पोरीचं पहिलं बाळंतपण याच घरात करायचं, तिच्या आईच्या घरात.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. लेकीला सातव्यात आणतात. आठवा लागला की हलवत नाहीत. म्हणून सातवा लागल्यावर कडूबा बसनं भोकरदनला जाऊन विचारून आला. रामरावांनी चहा पाजला, जेवू घातलं आणि मग स्पष्ट सांगितलं. झुंबरबाई घरात आहे, हे त्यांना मान्य होतं. रीत मान्य होती. अडत होतं ते दुसरीकडंच.

"तुमचं घर मळ्यात. रातच्याला पोरीला दुखाया लागलं तर दवाखाना अंबडला. मधी ओढा. नेणार कशात? त्या डुकरात?"

कडूबाच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली.

"मला काही हौस न्हाई पाव्हणे. पण त्या गाडीत मी बसलेलो हाय."

प्रभावती दारामागं उभी होती. निघताना ती चपला द्यायच्या निमित्तानं बाहेर आली आणि बापाला हळूच म्हणाली की दादा, काहीतरी करा. एवढंच.

अंबडला बसस्टँडमागं भिवाचं गॅरेज होतं. भिवा आणि कडूबा कारखान्यावरचे जुने सोबती. एक जीप चालवायचा, दुसरा ती खोलायचा. दोघांचं एकमेकांशिवाय चालायचं नाही आणि पटायचंही नाही. कडूबानं सगळं सांगितल्यावर भिवा म्हणाला की तुझा व्याही बराबर बोलला. त्या ड्रमांत कितीदा नवे लायनर घातले तरी पाणी शिरायचं ते शिरणारच. करायचं तर पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवू. उघडी लोखंडी चकती चाकाबरोबर फिरते, दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. पाणी लागलं तरी फिरता फिरता झटकून टाकते.

"डुकराला बसतील का?" कडूबानं विचारलं.

"बसत न्हाईत. बसवाय लागतात."

जालन्याला लोखंडाच्या कारखान्यांत वितळवायला चोहीकडून भंगार येतं. त्या भंगारात दोघांनी अख्खा दिवस घातला. शेवटी मागून चेपलेली एक नव्या धाटणीची फियाट सापडली. तिच्या पुढच्या चकत्या शाबूत होत्या. त्या घेतल्या, सोबतचे पॅड धरणारे चिमटे घेतले, ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर घेतला. जुन्या गाडीवर ते धरायला जाड पत्र्याचे दोन कान लेथवर करून घेतले. पहिल्यांदा बसवलं तेव्हा चाक फिरेना, रिम चिमट्याला घासत होती. भिवानं सगळं उतरवलं, रिम जरा बाहेर यावी म्हणून मधे वायसर घातले, पुन्हा चढवलं. हे सगळं तो कडूबाच्या मळ्यातच करत होता, लिंबाच्या सावलीत. रोज सकाळी बसनं यायचा आणि झुंबरबाईच्या भाकरीला नावं ठेवत तीन भाकरी खायचा.

असं करता करता बुधवार उजाडला. शुक्रवारी प्रभावतीला आठवा लागत होता.

बुधवारी दुपारी काम संपत आलं. दोन्ही चकत्या घासूनपुसून चमकत होत्या, चाकं तेवढी चढवायची होती. भिवा जेवायला ओसरीवर गेला. कडूबा गाडीजवळ बसून राहिला आणि त्याला वाटलं, काहीतरी राहिलं. मग आठवलं. घरात नवीन काही आलं, मग ती पाण्याची मोटर असो की बैलगाडी, गिरिजाबाई हळदकुंकू घेऊन यायची. आधी तेलाचं बोट लावायची, म्हणजे कुंकू धरतं. गाडी घेतली तेव्हा लावलं होतं, टायर बदलले तेव्हाही लावलं होतं. आता कोण लावणार?

तो मागच्या दारानं आत गेला, देवळीतला तिचा करंडा घेतला आणि वाटीत थोडं गोडं तेल. डाव्या चकतीपुढं उकिडवा बसून त्यानं तेलाची पाच बोटं ओढली आणि वर हळदकुंकू लावलं. त्याचा हात काही बायकांसारखा बसेना. कुंकू ओघळलं. तेवढ्यात ओसरीवरून भिवाच्या चुळा भरण्याचा आवाज आला. कडूबाला कसंतरीच वाटलं. पुरुषमाणूस, साठीला आलेला, करंडा घेऊन चाकापुढं बसलाय. त्यानं खांद्यावरच्या पंचानं चकती घाईघाईनं पुसली, करंडा बंडीच्या खिशात टाकला आणि उठून उभा राहिला. उजवी चकती तशीच राहिली.

भिवा आला, चाकं चढवली. कडूबाला पेडल दाबायला बसवून ब्रेकच्या नळीतली हवा काढली. मग दोघं गाडी घेऊन शेतामधल्या पांदीत निघाले. कडूबानं ब्रेक लावला आणि गाडी उजवीकडं ओढून बांधालाच जाऊन भिडली. पुन्हा मागं घेतली, पुन्हा लावला. पुन्हा उजवीकडं.

भिवा म्हणाला, डाव्या नळीत हवा राहिली असल. पुन्हा हवा काढली. गाडी उजवीकडंच. मग त्यानं नळी बदलली. मग चिमटा खोलून पाहिला. मग स्वतःला शिव्या दिल्या, भंगारवाल्याला दिल्या, डुकराला दिल्या. ऊन उतरलं. कडूबा पाने हातात देत होता आणि त्याचं चित्त भोकरदनला होतं. उद्याचा एक दिवस. उद्या गाडी धड थांबली नाही तर पोर तिकडंच राहणार. झुंबरबाईनं धुऊन वाळत घातलेली दुपटी दोरीवर होती, तिकडं त्याला बघवेना.

शेवटी भिवानं डावं चाक पुन्हा उतरवलं, दोन्ही पॅड बाहेर काढले आणि उजेडाला धरले. मग एका पॅडवर अंगठा फिरवला, नाकाशी नेला.

"कडूबा, हे गोडं तेल हाय."

कडूबाचे कान तापले.

"आन् हे लाल काय हाय?"

तेव्हा कडूबानं सांगून टाकलं. म्या लावलं म्हणाला. कुंकू धरावं म्हणून तेल लावलं आणि तू आलास म्हणून पुसलं. खिशातून करंडा काढून त्यानं बॉनेटवर ठेवला.

भिवा हातातला पॅड तसाच धरून त्या करंड्याकडं बघत राहिला. त्याच्या घरातून हळदकुंकवाच्या पूजा त्याच्या बापाच्या काळातच गेल्या होत्या, बौद्ध झाले तेव्हा. कडूबाला वाटलं, आता हा बोलणार. भिवा बोललाही.

"येड्या, वैनी असती तर तिनं चाकाच्या टोपीला लावलं असतं. बाहेरून. तिला अक्कल होती."

मग तो खालीच बसला आणि हसायला लागला. कडूबाला आधी राग आला, मग त्यालाही हसू फुटलं. पौषापासून तो असा हसला नव्हता. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पंचानं पुसलं, तर तोंडभर तेल आणि कुंकू. झुंबरबाई ओसरीवरून विचारत होती की काय झालं, आणि कुणालाच सांगता येईना.

पण पॅड वाया गेले होते. तेल प्यायलेला पॅड चकतीवरून घसरतो, धुऊन भागत नाही. भिवानं चकती पेट्रोलनं तीनतीनदा घासली आणि गुरुवारी पहाटेच्या बसनं जालन्याला गेला. कडूबा फाट्यावर जाऊन बसला. एक बस आली, तीत भिवा नव्हता. दुसरी आली, तीतही नव्हता. तिसरीतून उतरला, हातात कागदात गुंडाळलेले पॅड आणि तोंडात पान. कडूबा काही बोलायच्या आत म्हणाला, दुकान दहाला उघडतं, मी काय कुलूप तोडू?

दुपारी पांदीत ब्रेक लावला. गाडी सरळ थांबली, जशी खुंट्याला बांधली.

भोकरदनला पोचायला चार वाजले. रामराव अंगणातच होते. त्यांनी रामराम केला आणि आधी गाडीला चक्कर मारली. वाकून चाकाच्या फटीतून आत पाहिलं. मग पुढचं दार उघडून बसले.

"चला, वढ्याकडं घ्या."

ओढ्याला घोटाभर पाणी होतं. रामरावांनी गाडी पाण्यात दोनदा आडवीतिडवी फिरवायला लावली. मग पलीकडच्या चढावर नेऊन वळवली आणि परत उतारावर सोडायला सांगितली. गाडीनं वेग घेतला. रामराव समोर बघत होते. खालून कुणाची तरी बैलगाडी येत होती.

"आता," रामराव म्हणाले.

कडूबानं पाय ठेवला. डुक्कर जागच्या जागी थांबलं आणि रामरावांची टोपी समोरच्या काचेवर जाऊन आपटली. बैलगाडी अजून बरीच लांब होती. रामरावांनी टोपी उचलली, झटकली, घातली.

"परत एकदा करा," म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी टोपी हातानं धरून ठेवली होती.

घरी येईपर्यंत रामरावांनी टोपीवरचा हात काढला नाही. काय ठरलं ते विचारायचा कडूबाला धीर झाला नाही. अंगणात गाडी थांबली तसे ते उतरले आणि दारातूनच आत आवाज दिला की प्रभाची पेटी बाहेर आणा, अंधार पडायच्या आत अंबड गाठायचं हाय. मग स्वतः आत जाऊन एक गादी आणि दोन उशा घेऊन आले आणि मागच्या सीटवर अंथरल्या. एक उशी पाठीला की कमरेला, यावर त्यांचं आणि त्यांच्या कारभारणीचं थोडं वाजलं. सासूनं सुनेची ओटी भरली. प्रभावती बसली, दार लागलं.

"सावकाश न्या," रामराव खिडकीशी वाकून म्हणाले. "आन् बारशाला आम्हाला न्यायला हीच गाडी पाठवा. बसनं येणार न्हाई."

वाटेत प्रभावती थोडा वेळ बोलत होती. आत्याला पाय दाबता येतात का, मळ्यात आवळे आले का, असं काहीबाही. राजूरच्या आधीच तिचं बोलणं थांबलं. कडूबानं वळून पाहिलं. ती कुशीवर होऊन झोपली होती, एक हात पोटावर ठेवून. उतार आला, ओढा आला, जालन्याची गर्दी आली, ट्रकांचे भोंगे वाजले. तिला जाग आली नाही. कडूबानं काच अर्धी वर घेतली, तिला वारा लागू नये म्हणून, आणि गाडी अंबडच्या रस्त्याला लावली.