बरगडीआडची जागा

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. धातूची, गुळगुळीत, तळहातावर मावणारी. माझी बॅटरी संपत आली म्हणून आज मी इस्पितळातल्या एका ट्रेमध्ये पडून आहे. पण कालपर्यंत मी एका बाईंच्या अंगात होते. त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायचे आणि ते बेभान धावू लागले, तर विजेचा धक्का देऊन त्यांना ताळ्यावर आणायचे, हे माझे काम.

एका अतिशय स्वच्छ खोलीत मी घडले. तिथली माणसे नखशिखान्त झाकलेली असत, त्यामुळे मला घडवणाऱ्यांचे मी फक्त डोळे पाहिले.

माझ्या बाई संगीतशाळेत व्हायोलिन शिकवत. एकदा बाजारात चालता चालता त्या कोसळल्या. लोकांनी छाती दाबून त्यांना वाचवले. पुन्हा असे होण्याचा धोका होता, म्हणून मला बसवायचे ठरले. कुठे बसवायचे, एवढाच प्रश्न उरला.

"साधारणपणे इथे बसवतो," असे म्हणत डॉक्टरीणबाईंनी डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या आडव्या हाडाखाली बोट ठेवले.

"तिथे माझं व्हायोलिन टेकतं," बाई म्हणाल्या.

"आणि तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार," त्यांची आई म्हणाली. "कुठेतरी आडोशाला बसवा, डॉक्टर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आई, मी काय चोरीचा माल अंगावर वागवणार आहे का?" बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण खरं सांगू? मलाही ते दिसायला नकोच आहे. मुलं सूर सोडून माझ्या खांद्याकडेच बघत बसतील."

डॉक्टरीणबाईंनी हे हसण्यावारी नेले नाही. "असं वाटण्यात काही चूक नाही. आरशात रोज तुम्हालाच पाहायचंय. पुढच्या वेळी व्हायोलिन घेऊन या."

पुढच्या वेळी त्यांनी माझ्याच आकाराची एक रिकामी डबी बाईंच्या खांद्याखाली चिकटपट्टीने लावली आणि वाजवायला सांगितले. दोन सुरांतच बाईंचा चेहरा कसनुसा झाला. मग ती डबी डाव्या काखेखाली, बरगड्यांवर लावून पाहिली. तिथे कोपर घासू लागले. जरा मागे सरकवली, तेव्हा कोपर मोकळे झाले आणि व्हायोलिनचा गज सहज फिरू लागला. बाहेर थांबलेले पेशंट दाराशी येऊन ऐकू लागले.

"ही जागा जमेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मात्र ऑपरेशनला वेळ जास्त लागेल, कूस बरीच दुखेल आणि डाव्या अंगावर झोपणं काही दिवस विसरा. तुमच्या चाचण्यांवरून इथूनही यंत्राचं काम नीट चालेल असं दिसतं. तसं नसतं, तर तुम्ही कितीही म्हणालात तरी मी ऐकलं नसतं."

अशी मला स्नायूच्या आड जागा मिळाली. कूस दुखली, मग दुखायची थांबली. बाई पुन्हा शिकवू लागल्या आणि हळूहळू मला विसरल्या. आमच्यासारख्यांना विसरले जाणे हीच शाबासकी असते.

पण मी आहे, हे बाईंच्या घराबाहेर कोणालाच माहीत नव्हते. नातेवाइकांनी टाक्यांबद्दल विचारले, तर आई म्हणे, "पडली होती जिन्यावरून." संगीतशाळेत तर बाईंनी विषयच काढला नाही.

एका दुपारी शाळेत तालीम चालू असताना बाईंचे हृदय बेताल झाले. त्या खाली कोसळल्या. मी धक्का दिला. ठोके ताळ्यावर आले. पियानो शिकवणारे काका धावत आले. बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "काही नाही, चक्कर आली." काकांनी विश्वास ठेवला. त्यांनी गोड चहा मागवला आणि चप्पल शोधून पायाशी ठेवली. बाई एकट्याच घरी जायला निघाल्या.

दारापर्यंत पोचतात तोच हृदय पुन्हा बिथरले. मी पुन्हा धक्का दिला. या वेळी काकांचा चेहरा पाहून बाईंना खोटे बोलवेना.

"माझ्या बरगडीपाशी एक यंत्र आहे. त्यानंच धक्का दिला. माझ्या डॉक्टरांना फोन करा."

काकांनी लगेच फोन लावला. एकापाठोपाठ दोन धक्के बसले म्हटल्यावर तातडीने आणा, असे सांगण्यात आले. गाडीत काका एवढेच म्हणाले, "मी तुम्हाला शाळेच्या जिन्यापर्यंत सोडून परत फिरणार होतो."

बाई वाचल्या. औषधे बदलली. बऱ्या झाल्यावर त्यांनी वर्गात मुलांना सगळे सांगितले आणि अशा वेळी कोणाला फोन करायचा, तेही शिकवले. मुलांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि मग ती आपापल्या गजाला राळ लावू लागली. आईला मात्र वेळ लागला. एके दिवशी तिने स्वतःहून जावेला फोन केला आणि खरे काय झाले होते, ते बराच वेळ सांगत राहिली.

काल माझ्या जागी नवी डबी बसली. "दुसरीकडे बसवायची का?" असे डॉक्टरीणबाईंनी विचारले होते. "नको, तीच जागा बरी आहे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, कोणाच्या अंगात माझ्यासारखे काही असेल, तर "दाखव बघू" म्हणून त्याच्या मागे लागू नका. ते कुठे असावे आणि कोणाला दिसावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तुमच्या स्वतःच्या अंगात असेल, तर जवळच्या चार माणसांना सांगून ठेवा. मी धक्का देऊ शकते. हाक मारायला मात्र माणूसच लागतो.