रुंद रेषा

ओफेलियानं ताऱ्याच्या वर्णपटांच्या फाइली एकेक करून उघडल्या आणि एकमेकांवर ठेवल्या. दुपारच्या व्याख्यानासाठी तिला एक बरं दिसणारं चित्र हवं होतं, एवढंच. सगळ्या रात्रींच्या नोंदींची बेरीज करून काढलेला एकच गुळगुळीत वक्र ती आजवर दाखवत आली होती. आज निवृत्तीच्या निमित्तानं रात्री सुट्या दाखवाव्यात असं तिच्या मनात आलं.

पडद्यावर हेलियमची रेषा दर रात्री वेगळ्या जागी होती. कधी किंचित डावीकडे, कधी उजवीकडे. आणि कुठल्याही रात्री ती रुंद नव्हती.

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

तारा स्वतःभोवती जितक्या वेगानं फिरतो तितकी त्याची रेषा पसरते. बेरजेच्या वक्रात या निळ्या महाराक्षसी ताऱ्याची रेषा पसरलेली होती, म्हणून तो भयंकर वेगानं फिरत असणार, आणि म्हणूनच त्याचा वारा सगळीकडून सारखा न सुटता कमरेपाशी दाट सुटत असणार. ओफेलियाचं नाव होतं ते यासाठी. पण तारा फिरत नव्हता, निदान तेवढा तरी नाही. त्याचा पृष्ठभाग आत-बाहेर हेलकावत होता आणि तिनं त्या हेलकाव्यांची बेरीज केली होती.

लिसांद्रो, तिचा शेवटचा संशोधक विद्यार्थी, 'माते' या कडवट चहाचा पेला आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन आला. पडद्याकडे नजर गेली आणि तो दारातच थांबला.

"भुतासारखा उभा काय राहतोस? ये की आत."

"बाई, केक आलाय. रुबेन म्हणतायत, लवकर या, नाहीतर कोपरे मी संपवतो."

"हे तुला माहीत होतं."

त्यानं पेल्यात पाणी ओतलं. थोडं टेबलावर सांडलं.

"हिवाळ्यापासून," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"आधी रुबेनना दाखवलं. ते म्हणाले, एवढं व्याख्यान होऊन जाऊ दे. म्हातारीला... म्हणजे तुम्हाला, सुखानं जाऊ दे."

"म्हातारी म्हणाला?"

"हो."

"माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे तो. आणि मजल्यावरच्या बाकीच्यांनाही माहीत आहे?"

लिसांद्रो सांडलेलं पाणी बाहीनं पुसत राहिला.

खिडकीतून लिंडनच्या फुलांचा गोड वास येत होता. ओफेलियाला फार थकवा आला. चुकीमुळे नव्हे, चुका तिनं पुष्कळ केल्या होत्या. कोर्दोबाच्या परिषदेत हाच रुबेन, तिचा जुना सहकारी, तिच्या भाषणात मध्येच उभा राहिला होता, आणि शिपायानं दिवे घालवेपर्यंत दोघं भांडले होते. दुसऱ्या सकाळी तिनं सगळं गणित नव्यानं मांडलं होतं. हल्ली मात्र सगळे तिच्यासाठी दार उघडून धरायचे.

"मी चित्र बदलून देऊ का?" लिसांद्रोनं विचारलं. "अजून वेळ आहे."

"नको. चल."

सभागृह भरलं होतं. रुबेन पहिल्या रांगेत, ओठाच्या कडेला साखर. ओफेलियानं जुना गुळगुळीत वक्र लावला.

"ही रेषा रुंद आहे," ती म्हणाली. "म्हणजे हा तारा फार वेगानं फिरतो."

ती थांबली. पंखा फिरत होता. रुबेन आपल्या बुटांकडे पाहत होता. तरुण मंडळी मान डोलावत होती, आजारी माणसाशी बोलताना डोलावतात तशी.

"कुणाला काही म्हणायचंय?"

मधल्या रांगेत कुणीतरी वही चाळू लागलं.

तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश, आणि एकेका चेहऱ्यावर नजर टाकत गेली. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लिसांद्रो उभा होता. शेजारच्यानं त्याची बाही ओढली. तो बसला नाही.

"बाई, ती रेषा रुंद नाहीये," त्याचा आवाज फाटला होता. "ती हलतेय."

रुबेननं डोळे मिटून घेतले. ओफेलियानं टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि तीत अंग सैल सोडून बसली.

"पुढे ये," ती म्हणाली, "आणि मोठ्यानं बोल. रुबेनला हल्ली कमी ऐकू येतं."