वायर धाकट्याची, कागद थोरल्याचे

घरातल्या कामांची वाटणी वडिलांनी हयातीतच करून ठेवली होती. ज्याला वायर आहे ते धाकट्याने बघायचं, जे कागदावर आहे ते थोरल्याने. त्यामुळे फ्यूज, मिक्सर, दारावरची बेल आणि पुढे राउटरही धाकट्याकडे. करारपत्रं, पावत्या, वॉरंटी कार्डं थोरल्याच्या लोखंडी कपाटात. वडील गेल्यावरही दोघांनी ही सीमा कधी ओलांडली नाही. भल्याभल्या देशांना हे जमलेलं नाही.

थोरला पेशाने दुभाषा. मागच्या खोलीत संगणकासमोर बसून इस्पितळातल्या डॉक्टरांचं बोलणं तो परमुलखातून आलेल्या पेशंटना त्यांच्या भाषेत सांगायचा, आणि त्यांचं डॉक्टरांना. मागच्या खोलीत वाय-फायचा जीव आधीपासूनच जेमतेम; पण गेले तीन महिने तो ऐन मोक्याला मान टाकू लागला होता. एकदा डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे, पण–" थोरल्याने तेवढं इमानदारीत पोचवलं आणि चित्र गोठलं. 'पण'च्या पुढे 'साधी आहे, काढायचीही गरज नाही' एवढंच होतं. ते पोचेपर्यंत सात मिनिटं गेली, आणि त्या सात मिनिटांत पेशंटने बायकोला कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगून टाकलं होतं.

अशा तीन तक्रारींनंतर दुभाषे पुरवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. गुरुवारी अकरा वाजता अर्ध्या तासाची चाचणी; कॉल तुटला तर यादीतून नाव कमी. पंचावन्नाव्या वर्षी दुसरी यादी कोण देणार?

धाकट्याने मात्र हात टेकले नव्हते. आधी म्हणाला, "दादा, पाणी सिग्नल पितं." मागच्या खोलीतल्या काचपेटीतले मासे शेजाऱ्यांकडे गेले. मग म्हणाला, आरसा सिग्नल परतवतो. वहिनींचा, म्हणजे थोरल्याच्या बायकोचा, आरसा माळ्यावर गेला.

"आता भाऊजी भिंत सिग्नल खाते म्हणाले की कुदळ आणा," वहिनी म्हणाल्या. "भांग मी स्टीलच्या ताटात बघून पाडते आहेच."

राउटरही नवा आला होता, तीन महिन्यांपूर्वी, धाकट्याच्या पसंतीचा. सहा अँटेना असलेला, उताण्या पडलेल्या झुरळासारखा. तो धाकट्याच्या दिवाणखान्यात विराजमान झाला. गेल्या रविवारी तर धाकटा टेप घेऊन आला आणि मागची खोली मापून गेला. लांबी, रुंदी, खिडकीची उंचीसुद्धा. सिग्नलला एवढं कापड लागतं हे थोरल्याला माहीत नव्हतं. पण वायरीतलं आपल्याला काय कळतं, म्हणून त्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

एक गोष्ट मात्र त्याला खटकायची. सकाळी आठला नेट घोड्यासारखं धावायचं आणि दहाला बसकण मारायचं.

"दहाला सगळी गल्ली कामाला बसते," धाकटा म्हणाला. "हवेत गर्दी होते, दादा."

बुधवारी दुपारी थोरला आयुष्यात प्रथमच सीमा ओलांडून राउटरच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईने बॉक्स दाखवण्याआधी प्रश्न विचारले. भिंती किती? दोन. कशाच्या? विटांच्या.

"मग मोठा राउटर कशाला हवा होता? मधल्या पॅसेजमध्ये सिग्नल पुढे ढकलणारा एक जोडडबा लावला की काम झालं. म्हणजे दिवसभरच अडकतं ना?"

"नाही, सकाळी आठला छान चालतं, दहाला बसतं."

बाईंनी चष्मा वर केला. "काका, भिंती काय दहाला उठतात?"

थोरल्याने हवेतल्या गर्दीचं सांगितलं.

"गर्दी झाली तर सगळ्या घराला होईल. बाकीच्यांचं चालतं?"

चालत होतं. पुतणी दिवसभर सिनेमे बघायची.

"राउटरचं सेटिंगचं पान उघडून बघा. पासवर्ड आहे ना?"

"तो धाकट्याकडे असतो."

"मग आधी तो मिळवा. जोडडबा मी उद्याही विकेन."

घरी येऊन थोरल्याने सवयीने कपाट उघडलं. नव्या राउटरचं वॉरंटी कार्ड धाकट्याने आणल्या दिवशीच त्याच्या हाती दिलं होतं. कागद ना तो. कार्डाच्या मागे धाकट्याच्या अक्षरात पासवर्ड होता. वडिलांचं नाव आणि त्यांचं जन्मसाल.

पान उघडलं. घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी होती. धाकट्याचा टीव्ही, पुतणीचा फोन, वहिनींचा फोन. प्रत्येकापुढे वेगमर्यादा: नाही. शेवटी थोरल्याचा संगणक. त्यापुढे वेगमर्यादा: किमान. वेळ: सकाळी दहा ते दुपारी चार. वार: सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारची सुट्टी धाकट्याने दिलेली होती.

गेल्या वर्षी धाकट्याने मागची खोली मागितली होती, पुतणीसाठी. 'काम आहे तोवर लागेल रे मला,' असं थोरला म्हणाला होता, आणि धाकटा नुसतं 'बरं' म्हणाला होता. किती समजूतदार, असं याने बायकोलाही सांगितलं होतं. आणि टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

त्याने मर्यादा काढली.

गुरुवारी चाचणी झाली. अर्ध्या तासात पापणीसुद्धा अडकली नाही. "नाव राहील," पलीकडची बाई म्हणाली. बारा वाजता धाकटा चहाचे दोन कप घेऊन आला, चेहरा आधीच पाडून.

"तुटला ना? जाऊ दे दादा, मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही तुटला."

"अं?" धाकट्याचा कप बशीत वाजला. "बघ, म्हणजे मासे हलवल्याचा–"

"दहा ते चार का रे?" थोरल्याने विचारलं. "जेवणाची सुट्टी तरी ठेवायचीस."

धाकट्याने चहाकडे बघितलं. मग खिडकीकडे, जिची उंची त्याला पाठ होती.

"तू दमला होतास, दादा," तो शेवटी म्हणाला. "स्वतःहून थांबला नसतास. आणि पोरीला खोली नाही. पुन्हा समोर मागितली असती तर तू वाईट दिसला असतास, मी वाईट दिसलो असतो. असं केलं तर कुणीच वाईट दिसत नव्हतं."

"मासे कशाला घालवलेस मग?"

धाकटा कप तिथेच ठेवून गेला.

संध्याकाळी थोरल्याने नवा पासवर्ड केला. वडिलांचं नाव त्यात ठेवलं नाही. कार्डाच्या मागे लिहिला, कार्ड फाइलमध्ये, फाइल कपाटात. मग त्या कपाटाला त्याने आयुष्यात प्रथमच कुलूप लावलं आणि किल्ली हातात घेऊन घरभर हिंडला. डाळीचा डबा, घड्याळाची पाठ, माळ्यावर आरशामागे. एकेक जागा बघून पुढे जायचा.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"धाकट्याला माहीत नसलेली जागा," तो म्हणाला.

घर वडिलांचं होतं आणि दोघं त्यात लपाछपी खेळून मोठे झाले होते. किल्ली त्याने खिशातच ठेवली.