दिवस बुडायच्या आत

तुमच्या अ‍ॅपच्या दुकानात ठेवायला पाठवलेलं माझं अ‍ॅप तुम्ही तपासायला उघडलंत, ते रात्री. तुमच्याकडं दुपार असेल, इथं रात्र होती. पडदा काळा दिसला आणि तुम्ही लिहिलंत, "अ‍ॅप चालत नाही. नाकारलं."

चालत होतं. रात्री त्यानं काळंच राहायचं होतं.

"लिहून द्यायचं की मग त्यांना," युवराज म्हणाला. निपाणीत तंबाखूच्या वखारीवरच्या खोलीत आम्ही दोघं अ‍ॅप करत बसतो.

"दिलंय. पहिल्याच ओळीत."

"वाचत न्हाईत रं ते. माझं भूत दाखवायचं अ‍ॅप एका झटक्यात पास झालं. का? भूत कवाबी दिसतंय. तुझा सूर्य मावळतोय. कसं चालंल?"

मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

आम्ही जैन. गावी एकटी राहणारी माझी आई राजमती दिवस बुडायच्या आत जेवते, नंतर पाण्याचा थेंबही घेत नाही. काचबिंदूनं तिची नजर गेली. मोठे आकडे तेवढे कळतात, ऊन आणि बल्ब सारखेच. त्यात साखरेचं दुखणं. संध्याकाळी इन्सुलिन घेतलं की जेवलंच पाहिजे. म्हणून हे अ‍ॅप. सूर्यास्ताच्या आधी ते माझ्या आवाजात सांगतं, "आई, जेवायला बस." मावळला की गप्प, काळं.

आधी मी रात्री उद्याची वेळ दाखवत होतो. आईला ती आजचीच वाटली आणि ती अंधार पडल्यावर जेवली. कळल्यावर प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी इन्सुलिनही नको म्हणाली, अन्नही.

"दिस बुडल्यावर फोननं बी तोंड मिटावं," म्हणाली. मी मिटवलं.

एक अक्षर न बदलता तुम्हाला परत पाठवलं. या वेळी म्हणालात, हे अ‍ॅप लोकांना उपाशी ठेवतं, आरोग्याला घातक आहे. आईच्या पोटात वेळेवर घास जावा म्हणून केलेलं अ‍ॅप! तिसऱ्यांदा तेच पाठवलं, तर पुन्हा "चालत नाही". तुम्ही आपसांत बोलता तरी का? कुठल्याही कचेरीत काम अडलं तर अडवणाऱ्याचं तोंड तरी दिसतं. तुम्हाला ना तोंड, ना नाव.

तोवर आईच्या फोनवर ते मी तुमच्या दुकानाबाहेरून, थेट चढवलं होतं. एका ढगाळ दुपारी फोनवर लाल पाटी आली : अ‍ॅप घातक असू शकतं, काढून टाका. आईनं शेजारच्या मंगलला वाचायला दिलं. मंगलनं भिऊन काढून टाकलं; माझा आवाज त्यातूनच येतो हे दोघींनाही उमगलं नाही. तिची काय चूक? पाटी तुमची.

त्या संध्याकाळी आईनं इन्सुलिन टोचून घेतलं, ताट झाकून ठेवलं आणि माझ्या आवाजाची वाट बघत बसली. आवाज आला नाही, म्हणजे वेळ आहे. शेवटी तिनं भिंतीपलीकडं हाक मारली, "मंगल, दिस बुडाला काय गं?"

"कवाच की, काकू."

आईनं ताट आत ठेवलं. थोड्या वेळानं ती चुलीपाशी कोसळली. मंगलनं साखरेचं पाणी तोंडाला लावलं, तर दात घट्ट मिटलेले.

दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा पहिलं विचारलं, "मावळल्यावर माझ्या तोंडात काय घातलासा काय रं?"

"न्हाय, आई. सलाईन हाय, हाताला."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाली.

युवराज म्हणाला, "रात्री कायतरी दाखव रं, पास हुईल." मी जुनंच अ‍ॅप पाठवलं, रात्री उद्याची वेळ दाखवणारं, आईचं व्रत मोडणारं. तुम्ही ते लगेच मंजूर केलंत. मी काढून घेतलं.

आता रोज हातातलं काम टाकून मी उन्हातच मोटरसायकलवरून गाव गाठतो. उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, "आई, जेवायला बस."

परवा तिनं घास हातात धरून विचारलं, "फोन बोलतोय का तू?"

"मीच."

"आणि तू कुठं परगावी गेलास तर मग?"

रात्री काळं राहणारं ते अ‍ॅप आज पुन्हा तुमच्याकडं पाठवलंय. आईला काय सांगू, ते तुम्ही सांगा. आमच्याकडं ऊन असतं तेव्हा ते उघडून बघायला तुमच्यातलं कोण जागं असतं?