दाढीवाल्याचा खडक

मित्रांनो, मी एक जुना खडक आहे. बंदराच्या तोंडाशी माझे बस्तान आहे. भरतीला मी पाण्याखाली असतो आणि ओहोटीला जेमतेम डोके वर काढतो. पृथ्वीच्या पोटातल्या आगीतून मी जन्मलो आणि लाटांनी मला घासूनपुसून मोठे केले. फार काळ मला नावच नव्हते.

या किनाऱ्यावर एक रीत होती. जो कप्तान एखादी जागा प्रथम शोधेल, त्याचे नाव त्या जागेला द्यायचे. कुणाच्या वाट्याला भूशिर आले, कुणाच्या वाट्याला खाडी. माझा शोध मात्र एका दाढीवाल्या कप्तानाने लावला, तोही जहाज आपटून! मुलगी झाल्याची बातमी ऐकून स्वारी जवळच्या वाटेने घरी निघाली होती. माणसे वाचली, जहाज बुडाले. पण रीत म्हणजे रीत! नकाशावर मी ‘दाढीवाल्याचा खडक’ झालो. मला कोण आनंद झाला! त्याची मात्र मान कायमची खाली गेली. बंदरावर जो तो त्याची टर उडवी. बिचाऱ्याने दाढी काढून टाकली, तरी नाव काही सुटले नाही.

वर्षे लोटली. हाताळून हाताळून जुना नकाशा विरला. एके सकाळी मोजणीची होडी माझ्यापाशी आली. कप्तानाची तीच मुलगी आता नवा नकाशा काढत होती. म्हातारा कप्तानही सोबत होता.

“पोरी, एवढं नाव गाळून टाक,” तो म्हणाला. “मी गेल्यावर तरी लोकांनी हसू नये.”

“बघा हं बाबा, मग खडक बिननावाचा राहील.”

मला वाटले, बिननावाच्या खडकाची आठवण कोण ठेवणार?

इतक्यात माणसांनी भरलेली एक होडी सरळ माझ्यावर चालून आली. पुढे बसलेली बाई ओरडली, “अगं, डावीकडे घे! तिथे दाढीवाला आहे!” होडी वळली आणि सुखरूप पुढे सरकली.

“तुला कुणी सांगितलं गं हे नाव?” म्हाताऱ्याने हाक मारून विचारले.

“आजीनं! पोहण्याआधी आम्ही हेच शिकतो, आजोबा. म्हणून तर इथं परत एकही होडी फुटली नाही!”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“मग काय करू, बाबा? गाळू?”

“गाळतेस काय! चांगलं ठळक लिही!”

मित्रांनो, नकाशात ते नाव दिसले तर हसा खुशाल. पण पुसट झाले असेल, तर आधी गिरवून ठेवा. मागून कुणीतरी घरी निघालेले असते.